तारपे, एक ओळ

एकशे सत्त्याण्णववर सत्तावीस वर्षं
मी पुण्याला पुण्याचे नंबर सांगितले.
जोश्यांची पानं बोटाला थुंकी लावून उलटावी लागत,
कुलकर्णी संपता संपत नसत,
आणि तारकुंडे, तारगे यांच्या खाली,
तारळकरांच्या डोक्यावर
एकच ओळ :
तारपे ए. एफ., खडकी बाजार.
माझे वडील. दारूगोळा कारखान्यात तपासनीस.
हा नंबर मला कधीच कुणी विचारला नाही.

"तारपे? म्हणजे डहाणूकडचे का?
तो तारपा वाजवतात, त्यांच्यातले?"
बँकेच्या खिडकीवर, दातांच्या डॉक्टरकडे,
लग्नात हातात ताट धरून उभी असताना.
मी हो म्हणते. वेळ वाचतो.
सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी तर
माझ्या आडनावाची व्युत्पत्ती मलाच
अर्धा तास समजावली,
चहाचं विचारलं नाही.

परवा टपालानं जाड पाकीट आलं.
आयर्लंड, स्लायगो परगणा.
उना तारपे, निवृत्त शिक्षिका,
आडनावाचा नकाशा करते आहे.
जिथे तारपे, तिथे टिंब.
स्लायगोत बऱ्यापैकी दाटी, मेयोत थोडी,
खाली उतरावं तसं विरळ,
मग नुसतं पाणी,
पाण्यापलीकडे बॉस्टन.
मूळ शब्दाचा अर्थ, ती लिहिते, धट्टाकट्टा.
वाचलं तेव्हा मी गुडघ्याला पट्टा बांधत होते.
पुण्यात तुम्ही किती आहात?
सोबत काचेची नळी :
थुंकी भरून पाठवावी,
म्हणजे नातं किती जवळचं ते कळेल.

मोजले.
खडकीत मी.
दापोडीला ऑगस्टीन, पूल ओलांडला की उजवीकडे.
घोरपडीला बेनीची विधवा,
ती आडनाव पेन्शनपुरतं लावते.
वाकडला पुतण्या, बाराव्या मजल्यावर,
त्याचं पार्सल नेहमी तापडेंकडे जातं.
तिघं दफनभूमीत, एका रांगेत.
त्यांना टिंब मिळतं की नाही, पत्रात लिहिलेलं नाही.

पहिलं टिंब नालबंद होतं,
तोफखान्याच्या घोड्यांचं.
एवढं आमच्यात सगळ्यांना माहीत.
पुढचं आई बोलली ती शेवटच्या आजारपणात,
भिंतीकडे तोंड करून :
ठकू बोपोडीची. घोड्यांना गवत विकायची.
नवरा पटकीत गेलेला, पोरं दोन, काखेत आणि बोटाला.
नालबंदाशी तिचं काय होतं, काय नव्हतं,
ते घोड्यांना ठाऊक.
पलटण हलायच्या आदल्या दिवशी
तो पोरांना घेऊन चर्चमध्ये गेला
आणि वहीत दोघांपुढे स्वतःचं आडनाव लिहून आला,
पलटणीच्या शाळेत घेतील म्हणून.
घेतलं.
तो पुढे कुठे मेला, माहीत नाही.
पत्र कधी आलं नाही,
हे परवाचं पहिलंच.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
आमच्या आडात तारप्यांचं टिपूससुद्धा नव्हतं.
पोहरा तेवढा त्याचा,
जाताना काठावर ठेवून गेलेला.
पाणी ठकूचं.

नळी आठवडाभर टीव्हीवर उभी होती.
आता तिच्यात वेलदोडे आहेत.
काल माळ्यावरून जुनी डिरेक्टरी काढली,
बोटाला थुंकी लावली, पान उलटलं.
वडील जागेवरच होते.
मग उनाला लिहायला बसले,
सवयीनं कामावरच्या आवाजात :

लिहून घ्या, मॅडम.
पुणे, हयात चार.
नकाशात जागा असेल तर आणखी एक टिंब द्या,
नदीच्या अलीकडे, बोपोडीत.
नाव ठकू.
आडनाव आमच्या नोंदीत नाही.